पहिला कॅमेरा आणि काशीचे घाट

छायाचित्रणाची आवड असलेला नवा माणूस कॅमेऱ्याच्या दुकानात शिरला, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा मेगापिक्सेलचा असतो. दुकानदारही मोठा आकडा असलेला कॅमेरा उत्साहाने पुढे करतो. डिजिटल एसएलआर, म्हणजे आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेताना हा प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. घरात लावण्याजोग्या छायाचित्राला गेल्या दहा-पंधरा वर्षांतील कोणत्याही अशा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पुरतात. कोणत्या प्रकाशात, किती अंतरावरून आणि कोणाचे छायाचित्र काढायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

या प्रश्नाची पारख करण्यास वाराणसीसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. अहिल्याबाई होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या नावांचे घाट तेथे असल्याने मराठी माणसाला ते परके वाटत नाही. सॅम्युएल बोर्न यांनी १८६० च्या दशकात काचेच्या ओल्या पट्ट्यांवर हे घाट टिपले. रघुबीर सिंग यांचे बनारसवरील रंगीत छायाचित्रांचे पुस्तक १९८७ साली आले. तेव्हापासून आजपर्यंत तेथील प्रकाश मात्र बदललेला नाही.

गंगा येथे उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर आहेत. त्यामुळे त्यांची तोंडे पूर्वेला आहेत. सकाळचे कोवळे ऊन समोरून थेट पायऱ्यांवर पडते. अशा वेळी कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची साधी झूम लेन्सही उत्तम काम करते. तिला कमी लेखण्याची जी रीत पडली आहे, ती अन्यायाची आहे. दुपार कलली, की सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि घाट सावलीत बुडतात. दशाश्वमेध घाटावरच्या सायंआरतीला तर दिव्यांचाच काय तो उजेड असतो. येथे साधी लेन्स कमी पडते.

कारण सोपे आहे. प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. त्याचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. साधी झूम लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते आणि जवळजवळ दहापट प्रकाश घेते. म्हणजे जे छायाचित्र सेकंदाच्या पंधराव्या भागात हात हलून बिघडले असते, ते दीडशेव्या भागात निघते. कॅमेऱ्यावर हजारो रुपये जादा घालूनही एवढा फरक सहसा पडत नाही.

तरीही ५० चा आकडा डोळे झाकून स्वीकारू नये. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. त्यावर ५० ची लेन्स ७५ किंवा ८० मिलिमीटरसारखी अरुंद दिसते. विश्वनाथ गल्लीसारख्या चिंचोळ्या जागी पाठ भिंतीला टेकली, तरी समोरचे दुकान चौकटीत मावत नाही. तेथे ३५ मिलिमीटर बरी. १८ मिलिमीटरला कॅमेरा वर रोखला, की इमारती मागे झुकल्यासारख्या दिसतात. शिंदे घाटाजवळचे रत्नेश्वर मंदिर मात्र मुळातच कललेले आहे. तेथे लेन्सला दोष देऊ नये.

आता पैशांचा विचार. कॅमेरा चार-सहा वर्षांत जुना होतो, पण लेन्स जपली तर वीस वर्षेही चालते. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला थेट बसत नाही. म्हणून पहिली खरेदी ही पुढच्या सर्व खरेद्यांची सोयरीक असते. २०१८ पासून निकॉन आणि कॅनन यांचा भर आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर वळला. त्यामुळे जुने एसएलआर वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्त झाले आहेत. लग्नकार्यांची किंवा पर्यटकांची छायाचित्रे काढून चार पैसे मिळवू पाहणाऱ्याला ही चांगली संधी आहे. कर्ज काढून नवाकोरा कॅमेरा घेण्याचे कारण उरलेले नाही. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. निकॉनच्या स्वस्त कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. मोटर नसलेली जुनी लेन्स त्यांना लावली, तर फोकस हातानेच करावा लागतो.

राहिली दुरून टिपणारी लांब झूम लेन्स. नवशिक्याला तिचा मोह सर्वांत अधिक होतो. हिवाळ्यात गंगेवर उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांसाठी ती लागते, हे मान्य करावे. पण घाटावर तिचा उपयोग बहुधा माणसांवर होतो. अंघोळ करून ओली साडी सावरणारी स्त्री किंवा मणिकर्णिकेवर चितेपाशी बसलेला मुलगा तिच्या टप्प्यात येतो आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नसते. चितेच्या घाटांवर छायाचित्रे काढू नयेत, असे तेथील लोक वारंवार सांगतात. लांब लेन्सवाला नावेत बसून ते न ऐकल्यासारखे करू शकतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला ती सोय नाही. तिच्यासाठी चार पावलांवर जावे लागते, नजर द्यावी लागते, ‘फोटो काढू का?’ असे विचारावे लागते आणि ‘नको’ म्हटले तर परतावे लागते. नवशिक्याने पहिल्या वर्षी लांब लेन्स घेऊच नये, याचे मुख्य कारण हेच आहे. किंमत आणि वजन ही कारणे त्यानंतरची.

वापरलेली लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी असते आणि ती काढण्याचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीएवढा येतो. दमट हवेत पावसाळाभर कातडी पिशवीत कोंडून ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून लेन्स ठेवली, तर हा खर्च टळतो.