ओल्या लाकडाचा हिशेब

आपल्या बडोद्यास पारशी शेजार नवा नाही. नवसारी तर पूर्वी संस्थानातच मोडत असे. तरीही ‘ते अग्निपूजक’ एवढे म्हणून आपण त्यांच्या धर्माची गोष्ट संपवितो. अग्नी आपल्या पूजकाकडून काय मागतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर अर्दा विराफ या इराणी पुरोहिताच्या कथेत आहे.

कथा अशी : शिकंदराने इराण जिंकून धर्मग्रंथ जाळले. पुढे लोकांच्या मनांत संशय शिरला. आपण करतो ती कर्मे देवांस पोचतात की दैत्यांस? याची शहानिशा करण्यास कोणी तरी परलोकी जाऊन यावे असे ठरले. सातांतून तीन व तिघांतून एक, असा विराफ निवडला गेला. सात तुळयांखालचा हा एकच खांब, तो काढू नका, म्हणून त्याच्या सात बहिणींनी आकांत केला. विराफाने कौल मागितला. तो तीनदा त्याच्याच बाजूने पडला. मद्य व गुंगीचे ‘मंग’ घेऊन तो सात दिवस निजला. जागा झाल्यावर त्याने आधी अन्न मागितले, मग लेखनिक बोलावून सारे सांगितले.

पंडितांना या कथेवरून दान्ते आठवतो. मला त्यातले दोन प्रसंग अधिक मोलाचे वाटतात.

परलोकी अग्निदेव विराफास ‘ओल्या लाकडाचा’ म्हणून हाक मारतो. विराफ म्हणतो, मी तर सात वर्षे वाळलेलेच लाकूड घातले! अग्नी त्याला पाण्याने भरलेले मोठे तळे दाखवितो. तुझ्या लाकडांतून पाझरलेले पाणी ते हेच! पुढे नरकात एका आळशाचे सारे शरीर यातना भोगीत असते. उजवा पाय तेवढा मोकळा. का? त्याच पायाने त्याने नांगराच्या बैलापुढे गवताची पेंढी सारली होती.

सर्वांत शुद्ध म्हणून निवडलेल्या पुरोहिताचीही चूक दाखविली जाते, आणि निरुपयोगी माणसाची एक पेंढीही जमेस धरली जाते. समिधा वाळलेली असावी हे आपल्या अग्निहोत्र्यांनाही ठाऊक होते. पण पुरोहिताला असा जाब विचारण्याचे धैर्य फार थोड्या धर्मकथांत आढळते. म्हणून ‘अग्निपूजक’ हा शब्द मला अपुरा वाटतो. या कथेतला अग्नी साक्षीदार आहे.

या पहलवी ग्रंथाची संहिता व इंग्रजी भाषांतर १८७२ साली प्रसिद्ध झाले. त्यामागे पुण्याचे दस्तूर होशंगजी जामास्पजी आणि पूर्वी पुण्यासच संस्कृत शिकविणारे मार्टिन हौग यांचे श्रम होते. म्हणजे हे धन आपल्या अंगणातूनच गेले आहे. मराठीत त्याची ओळख दान्तेच्या आधाराने न होता त्याच्या स्वतःच्या बळावर व्हावी. निदान शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातील अग्नी कोणता हिशेब ठेवतो, एवढे तरी आपणांस ठाऊक असावे.