पूर, पूररेषा व घराचा विमा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं नववीच्या वर्गांत भूगोलाचा तास चालू असतां मीं मुलांस एक प्रश्न केला : "२०१९ सालीं तुमच्या घरांत पाणी कोठवर आलें होतें?" क्षणांत हात वर झाले. कोणी खिडकीचा गज सांगितला, कोणी माळ्याची फळी, कोणी जिन्याची सातवी पायरी. ज्यांना तें साल नीट आठवत नव्हतें त्यांनींहि घरच्यांकडून ऐकलेली खूण बिनचूक सांगितली. मग मीं दुसरा प्रश्न केला : "तुमच्या घराचा विमा आहे काय?" वर्गांत शांतता पसरली. एक मुलगा म्हणाला, "सर, बाबांचा आहे, घराचा ठाऊक नाहीं." सर्व वर्ग हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण त्या सालच्या ऑगस्टपर्यंत माझी स्वतःची स्थिति त्या मुलाहून निराळी नव्हती.

ती हकीकत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं मीं सांगलींत घरासाठीं जागा घेतली, तेव्हां शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला बजाविलें होतें कीं, २००५ च्या पुरांत ह्या जागेंत गुडघाभर पाणी होतें. मी पदवीधर, भूगोल शिकविणारा, मीं उत्तर दिलें, "आजोबा, असा पूर शंभर वर्षांत एकदां येतो." तरी त्यांचा मान राखण्यासाठीं जोतें तेवढें उंच घेतलें. कर्ज देणाऱ्या बँकेनें घराचा विमा उतरविण्याची अट घातली होती व त्याचा हप्ता माझ्या खात्यांतून परस्पर वळता होत असे. २०१८ सालीं कर्ज फिटलें. आम्हीं घरीं पेढे वांटले. कर्जाबरोबर विमाहि संपला, ही गोष्ट मला कोणी सांगितली नाहीं, आणि मीहि कोणास विचारली नाहीं.

पुढच्याच वर्षीं कृष्णामाई घरांत आली ती आठवडाभर हलली नाहीं. आम्ही मिरजेस नातलगांकडे होतों. परत येऊन पाहतों तों दारें फुगून बसलेलीं, भिंतींवर चार फुटांवर चिखलाची सरळ रेघ उमटलेली आणि कपाटांतील पुस्तकांचा लगदा झालेला. वडिलांच्या हस्ताक्षरांतल्या वह्या गेल्या, त्यांचें मोल कोणतीहि कंपनी देऊं शकत नाहीं. परंतु दारें, विजेच्या तारा, पलंग, फ्रीज, गिलावा ह्यांचें मोल तिनें दिलें असतें. तें सर्व मीं पगारांतून थोडथोडें भरून काढीत होतों, इतक्यांत २०२१ च्या जुलैंत पाणी पुनः आंत आलें. त्या खेपेस तें गुडघ्याखालींच राहिलें, ह्यांतच समाधान मानावयाचें.

"शंभर वर्षांत एकदां" हे शब्द फार फसवे आहेत, असें माझें आतां ठाम मत झालें आहे. आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर नदीच्या दोन्ही कांठांना दोन रेषा काढलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे सरासरीनें २५ वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची, व तांबडी रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची. नदी व निळी रेषा ह्यांमधील जागा निषिद्ध, आणि निळी व तांबडी ह्यांमधील जागा नियंत्रित, म्हणजे कांहीं अटींवरच बांधण्याजोगी. ह्यावरून लोक असें समजतात कीं, एकदां मोठा पूर येऊन गेला म्हणजे पुढील पिढी निर्धास्त झाली. वस्तुतः नदीला पंचांग ठाऊक नसतें. विद्यार्थ्यांनीं एक पिशवी घ्यावी. तींत २४ पांढऱ्या व १ काळी अशा २५ गोट्या टाकाव्या. दर वर्षाची म्हणून न पाहतां एक गोटी काढावी व ती पुनः पिशवींत टाकावी. काळी गोटी लागोपाठ दोन वेळांहि निघूं शकेल. निळ्या रेषेवरील घराच्या वांट्याला दरसाल शेंकडा ४ इतका संभव येतो. परंतु ३० वर्षें तेथें राहणाऱ्या कुटुंबाला ह्या अवधींत निदान एक पूर दिसण्याचा संभव हिशेबानें शेंकडा ७१ निघतो. तांबड्या रेषेवरील घरालाहि तोच संभव ३० वर्षांत शेंकडा २६ आहे. चारांतून एकदां होणारी गोष्ट कोणी अशक्य म्हणेल काय? गणिताच्या शिक्षकांनीं हें उदाहरण वर्गांत अवश्य करून घ्यावें. शिवाय पात्रांत भराव पडले, ओढे बुजले, पाऊस थोड्या दिवसांत एकवटून पडूं लागला, म्हणजे नकाशावरची रेषाहि जुनी होते.

पूर कोणामुळें येतो, अलमट्टीच्या भिंतीमुळें, कोयनेच्या विसर्गामुळें कीं आपल्याच भरावांमुळें, ह्याविषयीं आपल्या गांवीं चहाच्या टपरीवरहि तज्ज्ञ आढळतात. तो वाद मी येथें उकरीत नाहीं. त्याचा निकाल लागेपर्यंत पाणी थांबणार नाहीं. गृहस्थानें आधीं आपल्या घराचा आंकडा जाणावा. आयर्विन पुलापाशीं ४० फुटांवर इशारा व ४५ फुटांवर धोका मानतात. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें, २०१९ सालीं ५७ फुटांच्या वर, २०२१ सालीं सुमारें ५५ फुटांवर. ह्या तिहींपैकीं एका पुराची खूण ज्याच्या भिंतीवर आहे त्याला आपल्या उंबरठ्याची पातळी साध्या वजाबाकीनें काढतां येते. माझ्या उंबरठ्याचा आंकडा ५४ च्या आंतबाहेर आहे. पुलावर ५० फूट झाल्याची बातमी आली कीं आम्ही पुस्तकें माळ्यावर चढवितों. जागा किंवा घर घेणाऱ्यानें तर महानगरपालिकेच्या कचेरींत जाऊन पूररेषेचा नकाशा मागून पाहावा. दलाल तो आपण होऊन दाखवील, ही आशा व्यर्थ आहे.

आतां विम्याविषयीं. पुराचा विमा म्हणून कांहीं निराळी, महागडी वस्तु असते, असा पुष्कळांचा समज दिसतो. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ह्या नांवाची एकाच नमुन्याची पॉलिसी विमा नियामकानें ठरवून दिली आहे, व आगीचा विमा उतरविणाऱ्या सर्व सामान्य विमा कंपन्यांनीं ती द्यावी, असा नियम तेव्हां केला. तींत आग, वीज, भूकंप, वादळ, दरड ह्यांच्याबरोबर पूरहि मूळचाच आहे. मला ही योजना शहाणपणाची वाटते. केवळ पुराचा विमा असता तर नदीकांठचेच लोक तो घेते व हप्ता कोणास परवडता ना. टेंकडीवरचा मनुष्य आगीच्या व भूकंपाच्या भीतीनें घेतो, कांठावरचा पाण्याच्या भीतीनें. अशा रीतीनें भार वांटला जातो.

रक्कम ठरवितांना मात्र पुष्कळ लोक चुकतात. विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो, बांधकामाच्या खर्चाचा असतो. जमीन वाहून जात नाहीं. समजा, ८०० चौरस फुटांचें घर आहे व आज तसेंच बांधण्यास फुटामागें १,८०० रुपये लागतात. तर घराची रक्कम १४,४०,००० रुपये होते. तिच्या शेंकडा २० इतका, म्हणजे २,८८,००० रुपयांचा, घरांतील सामान्य वस्तूंचा विमा त्यांतच आपोआप धरला जातो. त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. सामान त्याहून अधिक असेल तर तें निराळें नोंदवावें. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तु सांगून घातल्यावांचून धरल्या जात नाहींत. घर राहण्यास अयोग्य झालें तर दुसरीकडच्या भाड्याचीहि तरतूद तींत आहे. भाडेकरूस केवळ आपल्या सामानाचा विमा घेतां येतो, हें बहुतेक भाडेकरूंस ठाऊकच नसतें. आणि ज्यांचें घर वर व दुकान खालीं आहे, असे पालक आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं दुकानांतला माल घराच्या पॉलिसींत येत नाहीं. लहान व्यापाऱ्यांसाठीं 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही निराळी पॉलिसी आहे. घराच्या मोलाच्या मानानें हप्ता लहान असतो. दोनतीन ठिकाणीं विचारून तो ठरवावा.

पाणी ओसरल्यावर आपण सर्वच एक चूक करतों. चिखलाची दुर्गंधि सुटलेली असते, घरांतील बायकामाणसें त्रासलेलीं असतात, आणि पहिल्याच दिवशीं सगळी अडगळ रस्त्यावर फेंकून दिली जाते. नंतर सर्वेक्षक येतो तेव्हां दाखविण्यास कांहीं उरत नाहीं. कंपनीस तात्काळ कळवावें, फेंकण्यापूर्वीं प्रत्येक वस्तूचें व भिंतीवरच्या रेघेचें छायाचित्र काढावें. पावत्या व पॉलिसीची प्रत गांवाबाहेरच्या नातलगाकडेहि असावी. माझ्या पावत्या एका पत्र्याच्या पेटींत अगदीं जपून ठेवल्या होत्या. पेटी पलंगाखालीं होती!

एक सुशिक्षित पालक मला म्हणाले, "सरकार देतेंच कीं." सरकारनें द्यावें, ह्यांत शंका नाहीं, व दिलेंहि आहे. २०२१ सालीं घरांत पाणी शिरलेल्या कुटुंबास १०,००० रुपये सानुग्रह मिळाले. त्या पैशांत चूल पुनः पेटते, आठवड्याचें धान्य येतें. एक दार मात्र येत नाहीं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "विमा असला म्हणजे नदीशेजारीं बांधावयास हरकत नाहीं." ह्या मताचा मी कडकडीत विरोधी आहें. कंपनी पैसे देते. रात्रीं दोन वाजतां म्हाताऱ्या आईला नावेंत उतरवून देत नाहीं. निषिद्ध जागेंत घर बांधूंच नये, आणि जें बांधून झालें आहे त्याला विम्याशिवाय ठेवूं नये, अशीं हीं दोन निराळीं कर्तव्यें आहेत.

नववीच्या मुलांना मीं सुटीचें काम दिलें आहे. प्रत्येकानें घरांतील वडील माणसांस विचारून २००५, २०१९ व २०२१ ह्या तीन सालांच्या पाण्याची उंची, जोत्याची उंची आणि घराच्या विम्याची मुदत संपण्याची तारीख वहींत लिहून आणावयाची आहे. शेवटच्या रकान्यांत पुष्कळांस आडवी रेघ मारावी लागेल, हें मला ठाऊक आहे. पालकांनीं त्याबद्दल मुलांवर रागावूं नये. आंकडे आल्यावर भूगोलाच्या खोलींत गांवाचा मोठा नकाशा लावून त्यावर टांचण्या टोंचावयाच्या आहेत. माझ्या घराची टांचणी मीं आधींच टोंचली आहे, आणि तिच्याखालीं ह्या वर्षीं तारीखहि लिहिली आहे.