वास्तव्याचा वाढता भाव

परदेशात कायदेशीरपणे राहण्याचा परवाना ही आता केवळ कायद्याची बाब राहिलेली नाही. ती किमतीचीही बाब झाली आहे. गोमंतकीयांना याचा अनुभव सर्वांआधी आणि सर्वाधिक स्पष्टपणे आला, तो ब्रिटनमध्ये.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंदणी करण्याची मुभा आहे. या वाटेने हजारो गोमंतकीय स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो येथे जाऊन स्थिरावले. ब्रेक्झिटनंतर त्यांच्यासमोर प्रश्न उभा राहिला. युरोपीय नागरिकांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नोंदवावा यासाठी तिथल्या सरकारने ६५ पौंडांचे शुल्क ठरवले होते. मोठ्या टीकेनंतर २१ जानेवारी २०१९ रोजी थेरेसा मे यांनी ते रद्द केले. परिणामी ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तेथे वास्तव्य असलेल्या व मुदतीत अर्ज केलेल्या गोमंतकीयाला कायम वास्तव्याचा हक्क एकही पौंड न भरता मिळाला.

आणि त्या तारखेनंतर? त्याच वाड्यावरचा, तोच पोर्तुगीज पासपोर्ट हाती असलेला धाकटा भाऊ आज ब्रिटनच्या दृष्टीने कोणत्याही अन्य परदेशी माणसासारखाच आहे. कामाच्या व्हिसावर गेल्यास त्याला दरवर्षी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, पगारातून जाणारा कर वेगळाच. २०१५ मध्ये हा अधिभार सुरू झाला तेव्हा तो २०० पौंड होता. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करताना एप्रिल २०२५ च्या दराने माणशी ३,०२९ पौंड द्यावे लागतात, आणि त्यात मुलांना सवलत नाही. पती, पत्नी व दोन मुले अशा कुटुंबाचा हिशेब मांडला, तर मुलांचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड धरूनही एकूण रक्कम तीस हजार पौंडांच्या पुढे जाते. म्हणजे सुमारे पस्तीस लाख रुपये. व्हिसाचे शुल्क, वकील आणि विमानाचे तिकीट यात धरलेले नाही.

अर्ज तपासण्याचा खर्च वसूल करणे एवढाच अशा शुल्काचा हेतू असता, तर तक्रारीला जागा नव्हती. परंतु ब्रिटिश गृहखाते स्वतःच प्रत्येक अर्जामागचा प्रक्रियेचा खर्च प्रसिद्ध करते, आणि कायम वास्तव्याचे शुल्क त्याच्या कित्येक पट आहे. स्थलांतर यंत्रणेचा भार करदात्यांऐवजी अर्जदारांवर टाकण्याचे हे धोरण उघडपणे मान्य केले जाते. मतदार नसलेल्या माणसावर कर लावणे कोणत्याही सरकारला सोपेच असते. पाच वर्षांची अट सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्तावही ब्रिटनने २०२५ मध्ये मांडला. तो अमलात आल्यास अधिभाराची वर्षेही त्याच प्रमाणात वाढतील, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

अमेरिकेने तर पडदाच दूर केला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांसाठी कंपन्यांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसवण्यात आले. दुसरीकडे दहा लाख डॉलर देणाऱ्यास ‘गोल्ड कार्ड’द्वारे कायम वास्तव्य देऊ केले गेले. एका बाजूला ग्वाल्हेरच्या हजीऱ्यासारख्या, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या वस्तीतला हुशार अभियंता, दुसऱ्या बाजूला कुणी धनिक. दार कुणासाठी उघडे आहे हे सांगायला नको. शिंद्यांच्या पाठोपाठ ग्वाल्हेरला जाऊन पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मराठी घरांना राहण्याचा परवाना कुणी विचारला नव्हता, हे सहज आठवले.

आखाताची गोष्ट निराळी. जुलै २०२५ मध्ये सुमारे तेवीस लाख रुपयांत अमिरातीचा आजीवन ‘गोल्डन व्हिसा’ मिळतो, अशी बातमी आपल्याकडे झळकली. काही दिवसांतच तिथल्या सरकारने ती फेटाळली. मधल्या काळात किती जणांनी दलालांकडे चौकशी केली असेल, याची कल्पना गोव्यात राहणाऱ्यास करता येईल. खरे शुल्क सरकारी संकेतस्थळावर असते, पण आपला माणूस पहिला विचारतो तो एजंटला, आणि एजंट सरकारी शुल्क व स्वतःचे कमिशन यांची एकच बेरीज सांगतो.

मायदेशाकडूनही वसुली चुकत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. मग स्वतःच्याच गावी निर्वेध येण्यासाठी ओसीआय कार्ड घ्यावे लागते. परदेशातून अर्ज केल्यास २७५ डॉलर, भारतातून १५ हजार रुपये. त्या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ब्रिटनचा दरवाजा उघडा असताना अनेकांना हा सौदा परवडणारा वाटत होता. आज लिस्बनमधील नोंदणीने पोर्तुगाल, जर्मनी, आयर्लंड खुले होतात, पण ज्या देशात आपले नातेवाईक, आपली चर्चे आणि आपले फुटबॉल संघ आहेत, तो देश मात्र नाही. तरीही नोंदणी करून देणाऱ्यांच्या जाहिरातींत ब्रिटनचे नाव अजून पुसलेले दिसत नाही.