एमडीचे डॉक्टर तीन महिन्यांसाठी येतात. तालुक्याच्या वाट्याला काय?

जिल्हा रुग्णालयात तरुण डॉक्टर येतात आणि तीन महिन्यांत जातात. "डॉक्टर टिकतच नाही" ही तक्रार गावोगावी आहे. पण ही बदली नव्हे, हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

एमडी, एमएस करणाऱ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं, असा नियम २०२० मध्ये झाला. पगाराचा भार रुग्णालयावर नाही, विद्यावेतन सुरूच राहतं. राहण्याची सोय मात्र सरकारने करायची आहे.

गावांसाठी महत्त्वाचा बदल २०२३ चा. पूर्वी १०० खाटांची अट होती, ती ५० वर आली. म्हणजे ५० खाटांचं सरकारी उपजिल्हा रुग्णालयही यात बसू शकतं. भूलतज्ज्ञ किंवा बालरोगाचा डॉक्टर तीन महिने का होईना, तालुक्यात असेल, तर रात्री बाळंतिणीला घेऊन जिल्ह्याला पळावं लागणार नाही.

दुसरा फायदा संशोधनाचा. या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा हे विषय शहरात कमी, इथे रोजचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचं संशोधन कोकणातल्या रुग्णांवर उपचार करतच केलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

तीन महिन्यांचा डॉक्टर कायमच्या रिक्त पदाला पर्याय नाही, हेही खरं. पण एक गेल्यावर लगेच दुसरा आला पाहिजे. आपल्या रुग्णालयाचं नाव यादीत आहे का, राहायला खोल्या आहेत का, हे रुग्ण कल्याण समितीला विचारायलाच हवं.