शनिवार-रविवारचा बर्फ आणि सहा किलोमीटरची जाळी

डिसेंबर उजाडला की कोलकात्यात एक प्रश्न ठरलेला असतो : ‘या शनिवार-रविवारी वर बर्फ पडेल ना?’ ‘वर’ म्हणजे दार्जिलिंग, संदकफू किंवा सिक्कीममधील छांगू आणि नाथू ला. उत्तर ‘हो’ की ‘नाही’ एवढेच अपेक्षित असते. अनेक अडचणींचे मूळ या अपेक्षेत आहे, असे माझे मत आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली. पूर्वीची बारा किलोमीटरची जाळी तिने सहा किलोमीटरवर आणली. झेप मोठी आहे, यात शंका नाही. परंतु पर्वत या जाळीत सहजी मावत नाही. दार्जिलिंगच्या डोंगरमाथ्यावरून रंगीत नदीच्या खोऱ्यात उतरताना थोड्याच किलोमीटरांत दीड हजार मीटरहून अधिक उंची कमी होते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश धरले, तर तापमानातला फरक दहा अंशांच्या आसपास जातो. उलट बाजूने पाहा : अंदाजात केवळ एका अंशाची चूक झाली, तरी हिमरेषा सुमारे दीडशे मीटर वर किंवा खाली सरकते. ३६३६ मीटरवरील संदकफूला त्याचे फारसे काही वाटणार नाही; दोन हजार मीटरवरील दार्जिलिंगचे मात्र सारे गणित फिरते. शिवाय पडता पडता वितळणारे हिमकण भोवतालच्या हवेतूनच उष्णता घेतात. त्यामुळे वर्षाव जोरदार असेल तर हवा थंड होत जाते आणि बर्फ खालपर्यंत पोहोचतो. रिमझिम असेल तर तोच वर्षाव पाऊस होऊन पडतो.

(जाता जाता : हवामान खात्याचा जन्म १८७५ साली याच शहरात झाला, आणि त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड १८८०च्या दशकात हिमालयातल्या बर्फावरूनच मोसमी पावसाचा अदमास घेऊ पाहत होते.)

हा वाद केवळ सहलीपुरता नाही. २८ डिसेंबर २०१८ रोजी दार्जिलिंग शहरात बर्फ पडला, तेव्हा लोक आनंदाने रस्त्यावर आले. त्याच दिवशी नाथू ला परिसरात अडकलेल्या अडीच हजारांहून अधिक पर्यटकांना सैन्याने बाहेर काढले. ४ एप्रिल २०२३ रोजी त्याच मार्गावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. वर्षाव तोच असला, तरी उंचीनुसार त्याचा अर्थ पार बदलतो. आपले इशारे मात्र जिल्हावार रंगांत दिले जातात. आणि या जिल्ह्यांत तर तळ्याकाठची गोठलेली वाट आणि खोऱ्यातली भातशेती एकाच रंगात रंगते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डोंगरी जिल्ह्यांच्या हिवाळी अंदाजात रंगासोबत दोन आकडे असावेत : हिमरेषेची अपेक्षित उंची, आणि त्या उंचीखाली बर्फ पडण्याची टक्केवारीतील शक्यता. नाथू लाचे परवाने देताना याच आकड्यांचा आधार घेता येईल. शून्य अंशाची उंची प्रतिमानाच्या आकडेमोडीतून मिळतेच. ती गंगटोकच्या गाडीचालकापर्यंत आदल्या संध्याकाळी पोहोचायला हवी.