'रिफ्यूज्ड' दिसलं की लगेच फायरवॉल बंद करू नका

समजा, सावंगीला (मेघे) विनोबा भावे रुग्णालयाजवळ तुमची छोटी लॅब आहे. रिपोर्ट लिनक्स सर्व्हरवर टाकायला गेलात आणि आलं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. कुणीतरी लगेच सांगतं, फायरवॉल बंद करा. मी म्हणतो, थांबा जरा.

रिफ्यूज्ड म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर बहुधा ऐकणारं कुणी नाही. दुकान सापडलं, शटर खाली आहे. फायरवॉल अडवते तेव्हा बरेचदा उत्तरच येत नाही, वाट बघून टाइमआउट होतो. तेव्हा आधी सर्व्हरवर 'एसएस' कमांड देऊन बघा, २१ नंबरच्या पोर्टवर काही चालू आहे का. पुष्कळदा सर्व्हर रीस्टार्ट झालेला असतो आणि सर्व्हिस 'इनेबल' करायचीच राहिलेली असते.

आणि खरं सांगू? ती एफटीपी पुन्हा चालू करूच नका. तिचं स्टँडर्ड १९८५ चं. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, पेशंटचा रिपोर्टही. क्रोम आणि फायरफॉक्सनं २०२१ मध्येच तिला रामराम ठोकला. सर्व्हरवर एसएसएच असेल तर एसएफटीपी बहुतेक आयतंच मिळतं. फाइलझिलात प्रोटोकॉल बदला, पोर्ट २२ ठेवा आणि फायरवॉल चालूच राहू द्या.