मजले किती, याआधीचा प्रश्न

गोव्यात कचेऱ्यांच्या एखाद्या मोठ्या संकुलाचा प्रस्ताव छाननीला आला की वाद हटकून एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतो: इमारत किती मजली असावी? प्रवर्तक नियमापेक्षा चार मजले अधिक मागतो, गावकरी माडांहून उंच काही नको म्हणतात आणि छाननी करणारी मंडळी मधला आकडा धरून मोकळी होतात. या तडजोडीने कोणाचेच समाधान होत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्याचा निर्णय व्हायला हवा त्याची चर्चाच होत नाही.

उंचीला आमचा सरसकट विरोध नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. मंगेशीच्या प्रांगणातला सात मजली दीपस्तंभ डोळे भरून पाहणाऱ्या गोमंतकीयाला उंचीचे वावडे असण्याचे कारण नाही. या राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातून जंगले, खाजने, शेते आणि नद्यांचे काठ वजा केले म्हणजे बांधकामास उरणारी भूमी थोडकीच. बसक्या इमारती पसरत गेल्या तर आधी शेत जाते, मग सडा जातो. सड्यावरील जांभ्या दगडातून मुरणाऱ्या पाण्यावरच पायथ्याच्या गावातील झरे आणि विहिरी जगतात. तेव्हा तेच बांधकाम कमी जागेत उंच उभे राहिले आणि उरलेली जमीन खरोखरच मोकळी राहिली, तर ती उंची गावाच्या हिताचीच ठरेल.

अडचण आहे ती या 'तर'मध्ये. समजा, भूखंड ४० हजार चौरस मीटरांचा आहे आणि तेवढ्याच चटईक्षेत्राला परवानगी आहे. चार मजले बांधले तर १० हजार चौरस मीटर जमीन व्यापली जाईल. आठ बांधले तर ५ हजार. येथे उंचीने जमीन वाचविली. पण उंचीबरोबर चटईक्षेत्रही दुप्पट करून दिले, तर आठ मजल्यांची इमारतही १० हजार चौरस मीटरच व्यापील. म्हणजे जमीन तसूभरही वाचली नाही, माणसे मात्र दुप्पट झाली. कचेरीत माणशी १० चौरस मीटर जागा धरण्याचा राष्ट्रीय इमारत संहितेचा हिशेब लावला, तर ४ हजारांच्या जागी ८ हजार माणसे तेथे रोज येतील. माणशी ४५ लिटर पाणी धरले तरी दिवसाला ३ लाख ६० हजार लिटर लागतील. हे पाणी कोणाच्या नळातून येणार? सांडपाणी कोठे जाणार? वाहने कोणाच्या दारात उभी राहणार? 'मजले किती' या प्रश्नाआधी विचारावयाचे प्रश्न हे आहेत.

याच संहितेनुसार १५ मीटर व त्याहून अधिक उंचीची इमारत 'उंच इमारत' गणली जाते आणि तिला अग्निसुरक्षेचे अधिक कडक नियम लागू होतात. परंतु ज्या गल्लीत अग्निशामक दलाचा बंब वळत नाही, तेथे कागदावरील नियम कोणाचे प्राण वाचविणार?

आमच्यासमोर दोन उदाहरणे आहेत. पणजीतील पाटो येथे कचेऱ्या आल्या, बँका आल्या, कृष्णदास शामा ग्रंथालयासारखी भूषणावह वास्तूही आली. परंतु कामासाठी तेथे जाणाऱ्याचा निम्मा जीव गाडी उभी करण्यास जागा शोधण्यातच जातो. उलट, दोनापावलच्या पठारावर आखलेले माहिती तंत्रज्ञानाचे संकुल लोकविरोधात अडकले आणि ती जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली. एके ठिकाणी आधी बांधले आणि मग विचार केला, दुसऱ्या ठिकाणी आधी ठरविले आणि मग लोकांना सांगितले. दोन्हींची किंमत जनतेनेच मोजली.

यातून सरकारने धडा घेतला असे म्हणवत नाही. लोक रस्त्यावर उतरल्यावर २००७ साली प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला. पुढे २०२३ साली १९७४ च्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून सुटेसुटे भूखंड वेगळ्या विभागात नेण्याची वाट काढण्यात आली. त्याखालील नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने रद्द केले. आधी निर्णय, मग आंदोलन आणि अखेर न्यायालय, हा क्रम आता पुरे झाला.

छाननीचा अर्थ शिक्का मारणे असा नव्हे. उंचीची सवलत हा गाव आणि प्रवर्तक यांच्यातील करार मानावा. सवलत द्यावयाची तर वाढीव चटईक्षेत्राशिवाय द्यावी आणि वाचलेली जमीन कायमची मोकळी राहील, असे नोंदणीकृत दस्तऐवजात लिहून घ्यावे. पाणी, सांडपाणी, रस्ता व अग्निशमन यांची लेखी हमी संबंधित खात्यांकडून आधी यावी. नकाशे मराठी व कोकणी टिपणांसह पंचायतीत लावावेत आणि मगच ग्रामसभा बोलवावी. स्वित्झर्लंडमध्ये परवान्यापूर्वी नियोजित इमारतीच्या उंचीचे खांब जागेवर उभारून दाखवितात. आम्हांला त्यासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही. दोरीला बांधलेला एक फुगा त्या उंचीवर सोडला तरी साऱ्या वाड्याला कळेल की, आपल्या आभाळातून नेमके काय जाणार आहे.

इतके झाल्यावर गावाने आठ मजल्यांना होकार दिला तर आम्ही त्याचे स्वागतच करू. आणि नाही म्हटले, तर त्या नकाराला विकासविरोध म्हणण्याचा अधिकार मग कोणालाही उरणार नाही.